पायातील मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी : निदान व शस्त्रक्रिया

मांडीत, गुडघ्याच्या मागील लवणीत किंवा पोटरीवर एखादी वाटोळी गाठ हाताला लागते. एरवी ती दुखत नाही. मात्र तिला खाटेची कड घासली किंवा बोटाचा टोला लागला, की तेथून थेट तळपायापर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. रुग्ण दोन-चार वर्षे तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही आणि मग एक दिवस "चरबीची गाठ" म्हणून ती काढून टाकण्याचे ठरते. थोड्या वेळाचे काम म्हणून हाती घेतलेल्या या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पाऊल वर उचलता येईनासे होते. गाठ निघालेली असते, पण ज्या मज्जातंतूवर ती वाढली होती तो मज्जातंतूही तिच्याबरोबर कापला गेलेला असतो. शेतात, बांधावर, जिन्यावर दिवसभर पायांवर उभ्या असणाऱ्या माणसाला हे आयुष्यभराचे अपंगत्व ठरू शकते.

वस्तुतः मज्जातंतूंच्या आवरणापासून निर्माण होणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात आणि त्यांतील बऱ्याचशा मज्जातंतू शाबूत ठेवून काढता येतात. अट एकच. गाठ मज्जातंतूची आहे ही गोष्ट शस्त्र लावण्यापूर्वी ओळखली गेली पाहिजे.

मज्जातंतू आणि त्याचे आवरण

मज्जातंतू म्हणजे एकच एक दोरा नव्हे. दूरध्वनीच्या जाड केबलमध्ये जशा रंगीबेरंगी तारांच्या जुड्या असतात, तशा प्रत्येक मज्जातंतूत सूक्ष्म तंतूंच्या अनेक जुड्या असतात. काही तंतू मेंदूची आज्ञा स्नायूंपर्यंत नेतात, तर काही त्वचेवरील स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता वर पोहोचवितात. या तंतूंभोवती संरक्षक वेष्टण तयार करणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून हे नाव पडले. मराठीतील श्वान शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगितलेले बरे.

पायाचा मुख्य मज्जातंतू सायटिक होय. तो शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू असून नितंबातून मांडीच्या मागील बाजूने खाली उतरतो आणि बहुधा गुडघ्याच्या थोडा वर दुभंगतो. त्याचा टिबिअल हा फाटा पोटरीतून घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायात जातो. पेरोनिअल हा दुसरा फाटा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस असलेल्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येतो. येथे तो त्वचेच्या अगदी खाली असतो आणि बोटाखाली दोरीसारखा लागतो. पाऊल वर उचलणारे स्नायू याच फाट्यावर अवलंबून असतात. त्यामुळे गुडघ्याच्या बाहेरील बाजूस असलेली लहानशी गाठसुद्धा किरकोळ समजून चालत नाही.

गाठींचे प्रकार

या गाठींत सर्वाधिक आढळणारा प्रकार श्वानोमा हा होय. तो प्रामुख्याने २० ते ५० या वयोगटात, स्त्री-पुरुषांत सारख्याच प्रमाणात आढळतो. एखाद्या जुडीतील श्वान पेशींची वाढ होऊन तिच्याभोवती स्वतःचे कवच असलेली गाठ तयार होते. मज्जातंतूतील बाकीच्या जुड्या या गाठीत शिरत नाहीत. गाठ वाढते तशा त्या तिच्या पृष्ठभागावर बाजूला ढकलल्या जातात व पातळ पसरतात. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे, कारण शेंगेतून दाणा सोलून काढावा त्याप्रमाणे ही गाठ कवचातून बाहेर काढता येते. ती वर्षानुवर्षे अतिशय मंद गतीने वाढते आणि तिचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत विरळ आहे.

दुसरा प्रकार न्यूरोफायब्रोमा. यात श्वान पेशींबरोबर इतर प्रकारच्या पेशीही वाढतात आणि मज्जातंतूचे तंतू गाठीच्या अंगातूनच जातात. गाठ आणि मज्जातंतू एकमेकांत विणले गेल्यामुळे ती सोलून काढणे अवघड असते. एकट्यादुकट्या न्यूरोफायब्रोमाचे अनुभवी शल्यविशारद सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करू शकतात. मात्र काही रुग्णांत मज्जातंतूच्या अनेक फांद्यांवर पसरलेली, हाताला गांडुळांच्या गुंत्यासारखी लागणारी गाठ असते. ती समूळ काढणे बहुधा शक्य नसते.

तिसरा प्रकार दुर्दम, म्हणजे कर्करोगाच्या गाठींचा. सुदैवाने तो विरळ आहे. अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार असतो. इतरांत तो स्वतंत्रपणे किंवा पूर्वी किरणोपचार झालेल्या जागी उद्भवतो.

अंगावरील गाठी व डाग

या आनुवंशिक विकाराचे विवेचन थोडे विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी समाजात गैरसमज फार आहेत. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले आणि १९९० साली १७ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील संबंधित जनुकाचा शोध लागला. साधारणपणे ३,००० जन्मांमागे एका मुलात हा विकार आढळतो. माता किंवा पिता यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घराण्यात मात्र पूर्वी कोणालाच तो झालेला नसतो. जनुकातील बदल त्या मुलातच प्रथम घडून आलेला असतो.

लहानपणी त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग दिसू लागतात. वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे योग्य ठरते. काखेत व जांघेत बारीक ठिपके उमटतात. पुढे तारुण्यात अंगभर मऊ गाठी येऊ लागतात. या गाठी आणि डाग पाहून शेजारीपाजारी रुग्णाला महारोगी ठरवितात. त्याचे विवाहसंबंध मोडतात, वर्गात त्याच्या शेजारी बसावयास मुले तयार होत नाहीत. हा विकार स्पर्शाने, अन्नपाण्याने किंवा एकत्र राहण्याने मुळीच पसरत नाही. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास मुलांना वाचन, लेखन, गणित किंवा लक्ष एकाग्र करणे यांत अडचणी येतात. त्यांना मठ्ठ म्हणून मागे बसविण्यापूर्वी त्यांच्या अंगावरील डागांकडे एकदा पाहिले, तर विकाराचे निदान शाळेतच होण्यास प्रारंभ होऊ शकेल.

या रुग्णांपैकी शंभरात ८ ते १३ जणांना आयुष्यात केव्हातरी मज्जातंतूच्या आवरणाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे तशीच राहिलेली एखादी गाठ अचानक वाढू लागली, रात्री झोपेतून उठविण्याइतकी दुखू लागली, दगडासारखी कठीण झाली किंवा पायात नव्याने दुबळेपणा जाणवू लागला, तर एक दिवसही दवडू नये.

निदान हाताच्या बोटांनी सुरू होते

महागड्या यंत्रांचा विचार करण्यापूर्वी साध्या तपासणीने पुष्कळ काही कळते. मज्जातंतूवरील गाठ आडव्या दिशेने सहज हलते. मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे वर-खाली, ती हलत नाही, कारण दोन्ही टोकांना ती मज्जातंतूने बांधलेली असते. ताणलेल्या दोरीला मध्ये गाठ मारून ती हलवून पाहावी, म्हणजे हे लक्षात येईल. चरबीची गाठ बोटाखालून कोणत्याही दिशेने सरकते.

दुसरी खूण गाठीवर बोटाने हलकेच ठोकून पाहण्याची. गाठ मज्जातंतूची असल्यास त्या मज्जातंतूच्या प्रदेशात झिणझिण्या उठतात. उदाहरणार्थ, टिबिअलवरील गाठीवर ठोकले असता त्या तळपायात जाणवतात. ही खूण तिनेल यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समधील झूल तिनेल आणि जर्मनीतील पाउल हॉफमन या दोघांनी परस्परांविरुद्ध लढणाऱ्या देशांत राहून तिचे स्वतंत्रपणे वर्णन केले. जखमी सैनिकांचे तुटलेले मज्जातंतू पुन्हा वाढत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ती वापरली जाई. आज तिचा गाठींच्या निदानातही तेवढाच उपयोग होतो, आणि तिला एक पैसाही खर्च येत नाही.

मांडीच्या खोल भागातील सायटिक मज्जातंतूवरील गाठ मात्र हाताला लागत नाही. अशा रुग्णाला नितंबापासून पोटरीपर्यंत कळा येतात व त्यावर सायटिकाचे उपचार सुरू होतात. पाठीच्या कण्याचा एम.आर.आय. काढला जातो. त्यात कणा निर्दोष दिसतो किंवा वयोमानानुसार एखादी चकती किंचित सरकलेली आढळते आणि तिलाच दोष दिला जातो. कण्याच्या चित्रात मांडी येत नाही, ही साधी गोष्ट येथे निर्णायक ठरते. खोकताना किंवा वाकताना न वाढणारी, परंतु खुर्चीच्या कडेवर बसताच उसळणारी पायाची कळ कण्याच्या उपचारांनी कमी होत नसेल, तर ओटीपोट, नितंब व मांडी यांची तपासणी करून घ्यावयास हवी.

कुष्ठरोगाशी गल्लत

महाराष्ट्रात या विषयाला एक विशेष बाजू आहे. देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारी एकाच्या खाली आले असले, तरी राज्यात नवे रुग्ण आजही आढळतात, आणि या रोगातही मज्जातंतू जाड होतात. गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा पेरोनिअल, ज्याला कुष्ठरोग क्षेत्रातील कार्यकर्ते लॅटरल पॉप्लिटिअल या नावाने ओळखतात, आणि घोट्याच्या आतील टिबिअल हे पायातील त्याचे ठराविक बळी होत. कधीकधी मज्जातंतूत गळू होऊन त्या जागी हुबेहूब गाठीसारखा फुगवटा येतो.

दोहोंत फरक करता येतो. कुष्ठरोगात मज्जातंतू बहुधा लांबवर जाड व दुखरा होतो, त्वचेवर संवेदनाहीन चट्टा असू शकतो, पायातील चप्पल नकळत निसटते आणि रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. श्वानोमात गाठ एका जागी मर्यादित असते. तिच्या वरचा व खालचा मज्जातंतू हाताला सर्वसाधारण लागतो, त्वचेवर चट्टा नसतो आणि गाठ बरीच मोठी होईपर्यंत पायातील शक्ती व संवेदना टिकून राहतात. शस्त्रक्रियेपूर्वीच पाऊल लुळे पडले असेल, तर साध्या श्वानोमावर समाधान न मानता कुष्ठरोग किंवा दुर्दम गाठ यांचा विचार करणे भाग असते. कुष्ठरोगाच्या जाड मज्जातंतूला गाठ समजून कापणे आणि गाठीच्या रुग्णाला महिनोन्‌महिने कुष्ठरोगाची औषधे देणे, या दोन्ही चुका सारख्याच टाळण्याजोग्या आहेत.

चित्रण आणि तुकड्याची तपासणी

जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असणारी सोनोग्राफी ही पहिली पायरी होय. अनुभवी तज्ज्ञ गाठीच्या दोन्ही टोकांना शिरणारा व बाहेर पडणारा मज्जातंतू पडद्यावर दाखवू शकतो. गुडघ्यामागील पाण्याची पिशवी, फुगलेली रक्तवाहिनी आणि भरीव गाठ यांतील भेदही त्यात कळतो. एम.आर.आय. चित्रात गाठ बहुधा चात्यासारखी, दोन्ही टोकांना निमुळती दिसते. काही गाठींत कडेला उजळ व मध्ये गडद असे नेमबाजीच्या चक्रासारखे चित्र उमटते. श्वानोमा मज्जातंतूच्या एका बाजूस तर न्यूरोफायब्रोमा मध्यभागी असण्याकडे कल असतो. तथापि केवळ चित्रावरून या दोहोंत खात्रीने फरक करता येईलच असे नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, अस्पष्ट कडांची, भोवताली सूज असलेली गाठ संशयास्पद मानली जाते.

सुई घालून गाठीचा तुकडा तपासण्याचा प्रश्न विवादाचा आहे. लक्षणे व चित्रण यांवरून गाठ निश्चितपणे सौम्य वाटत असल्यास अनेक शल्यविशारद सुई टाळतात. सुईने असह्य कळ येते, निरोगी तंतूंना इजा होऊ शकते, आणि आत व्रण तयार होऊन पुढे गाठ सोलून काढणे कठीण जाते. मात्र कर्करोगाचा संशय असेल तेथे हा हिशेब उलटतो. तेथे तुकड्याची तपासणी अटळ आहे. ती पुढील शस्त्रक्रिया जेथे होणार आहे तेथील पथकानेच ठरविलेल्या मार्गाने करावी, कारण सुईचा मार्गही नंतर काढून टाकावा लागतो. गावाच्या दवाखान्यात गाठीला चीर देऊन "थोडा तुकडा पाहू" असे म्हणणे हा सर्वांत वाईट पर्याय होय.

शस्त्रक्रिया

प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे असे नाही. लहान, त्रास न देणारी, चित्रणात निःसंशय सौम्य दिसणारी गाठ ठराविक काळाने तपासत राहणे हाही मान्य मार्ग आहे. कळा, वाढता आकार, पायातील दुबळेपणा किंवा निदानाविषयी शंका ही शस्त्रक्रियेची कारणे ठरतात.

शस्त्रक्रियेत घाई चालत नाही. चीर गाठीपुरती न देता मज्जातंतूच्या रेषेत लांब दिली जाते. प्रथम गाठीच्या वरचा आणि खालचा निरोगी मज्जातंतू मोकळा करून त्याभोवती मऊ रबरी पट्ट्या घालतात. मगच गाठीकडे वळतात. भिंगांचा चष्मा किंवा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक लावून गाठीवर पसरलेल्या जुड्या न्याहाळल्या जातात. मंद विद्युत्‌प्रवाह देणाऱ्या उपकरणाने गाठीचा पृष्ठभाग कणाकणाने तपासतात. ज्या जागी स्पर्श करताच पाऊल हलते तेथे कामाचे तंतू आहेत, हे उघड होते. याच कारणासाठी भूलतज्ज्ञाला स्नायू दीर्घकाळ शिथिल ठेवणारे औषध त्या वेळी टाळावे लागते. स्नायूच निपचित असतील तर उपकरण मुके होईल. जेथे काहीच हालचाल होत नाही अशा जागी कवचावर उभी चीर देऊन, जुड्या अलगद बाजूस सारत, पिवळसर चकचकीत गाठ बाहेर काढली जाते. तिच्यात शिरणारी एखादी जुडी शेवटी राहते. उपकरणाने तपासून ती निकामी आहे याची खात्री झाल्यावरच ती कापतात.

गाठ घोट्याजवळील केवळ संवेदना वाहणाऱ्या एखाद्या लहान मज्जातंतूवर असेल, तर प्रसंगी त्या तंतूसह ती काढली जाते. पावलाच्या कडेला थोडी बधिरता राहते, चालण्यात उणेपणा येत नाही. स्नायूंना चालविणाऱ्या मज्जातंतूच्या बाबतीत असा त्याग स्वीकारता येत नाही. अंगभर विकार असलेल्या रुग्णांच्या पसरट गाठींत केवळ त्रासदायक भाग कमी करणे एवढेच बहुधा साध्य होते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेस अशक्य अशा गाठी असलेल्या २ वर्षांवरील मुलांसाठी सेल्युमेटिनिब या औषधास मान्यता दिल्यापासून या रुग्णांपुढे एक वेगळा मार्ग खुला झाला आहे.

दुर्दम गाठीची शस्त्रक्रिया संपूर्णपणे निराळ्या तत्त्वावर चालते. येथे सोलून काढणे वर्ज्य होय. भोवतालच्या निरोगी भागाच्या वेष्टणासह, आवश्यक तर मज्जातंतूसहित, गाठ एकसंध काढावी लागते. त्यापूर्वी छातीचे सी.टी. चित्रण केले जाते, कारण हा कर्करोग प्रामुख्याने फुप्फुसांत पसरतो. किरणोपचारांची जोड दिल्याने अनेकदा पाय वाचविता येतो. काही वेळा तो कापण्यावाचून इलाज नसतो. सौम्य समजून अर्धवट काढलेली दुर्दम गाठ पुन्हा उद्भवते, तेव्हा पाय वाचविण्याची संधी बरीचशी हातची गेलेली असते.

शस्त्रक्रियेनंतर

श्वानोमा काढल्यावर बहुतेकांची कळ थांबते. काही आठवडे किंवा महिने झिणझिण्या व थोडी बधिरता राहू शकते, याची कल्पना रुग्णास आधीच द्यावी. तंतू दुखावलेले असल्यास ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर लक्षात घेतले, तर वर्षभर धीर का धरावा लागतो हे उमगेल. या काळात पाऊल लोंबकळत राहून टाच आखडू नये म्हणून पट्टीचा आधार व व्यायाम चालू ठेवावे लागतात. शक्ती परत आलीच नाही, तर घोट्याच्या आतील बाजूच्या चांगल्या स्नायूची कंडरा पुढे वळवून पाऊल उचलण्याचे काम तिच्याकडे सोपविता येते. ही शस्त्रक्रिया भारतातील कुष्ठरोग रुग्णालयांनी दीर्घकाळ यशस्वीपणे केलेली आहे.

ग्रामीण रुग्णाला अशा उपचारांसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सूक्ष्मदर्शकाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश होतो की नाही, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन करता येते. जाताना पूर्वीचे सर्व कागद, विशेषतः पूर्वी एखादी गाठ काढलेली असल्यास तिचा तपासणी अहवाल, बरोबर न्यावा. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही लहान असो, विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे. तो अहवाल रुग्णाने आपल्याजवळ जपून ठेवावा, कारण पुढे दुसरी गाठ उद्भवल्यास डॉक्टर प्रथम त्याचीच मागणी करतात.